आग उष्ट्या पानावर बसत नाही

पूर्वी चेदी देशात सुबाहू नावाचा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्वाने नगरापासून दूर, गवताळ रानातल्या एका गवळीवाड्यात जन्म घेतला, आणि वयात आल्यावर तो त्या वाड्याचा नायक झाला. गुरे राखावी, राजाकडे तूप पोचवावे आणि कुणाशी कलह करू नये, एवढाच त्या लोकांचा धर्म होता. बोधिसत्त्व समंजस होता आणि त्याच्या शब्दाला मान होता. नायक शहाणा आहे असे सगळे म्हणत. हळूहळू त्यालाही तसे वाटू लागले होते.

त्या वाड्यात एक रीत होती. नायक होणाऱ्याने गवताची जुडी मस्तकाला लावायची, गाईच्या पाठीवर हात ठेवायचा आणि शपथ घ्यायची, की माझ्या हाताने गवताला कधी आग लागणार नाही. गवत ही गाईची आई, असे ते लोक मानीत. बोधिसत्त्वानेही ती शपथ घेतली होती आणि मनापासून पाळली होती.

उन्हाळ्यात त्या रानात वणवे लागत. धूर दिसला की नदीकडे पळायचे, हा वाडवडिलांनी घालून दिलेला उपाय होता. बोधिसत्त्वाने त्यात पुष्कळ सुधारणा केल्या. कोणत्या गाई पुढे, कोणत्या मागे, म्हाताऱ्यांना कुणी धरायचे, हे त्याने ठरवून दिले. पळताना तान्ही वासरे मोठ्या गुरांच्या पायांखाली सापडत, म्हणून त्यांच्यासाठी त्याने वेगळा कोंडवाडा केला. कळप निघून गेला की बायकांनी तो उघडायचा आणि वासरांना घेऊन मागून यायचे. दर वर्षी पळणे अधिक नीट होत गेले. मुळात पळावे का, हे मात्र कुणी विचारले नाही. तो विचारण्याजोगा प्रश्न आहे, हेच कुणाच्या लक्षात आले नव्हते.

बोधिसत्त्वाच्या बायकोचे नाव पाटला. सगळे त्याला नायक म्हणत, म्हणून तीही म्हणे. तिच्या तोंडी त्या शब्दाला किंचित वाकडा सूर असे, आणि तो सूर बोधिसत्त्वाला आवडे.

एका वर्षी थंडी सरता सरता पाटला चटयांसाठी बोरू कापायला नदीवर गेली. परत आल्यावर तिने सांगितले, की गेल्या पुरात नदी पलीकडच्या काठाला सरकली आहे. पाणी लांब गेले आहे आणि अलीकडच्या सगळ्या पात्रात माणसाच्या डोक्यावर जाईल इतका बोरू माजला आहे. गुरे जवळच्या तळ्यावर पाणी पीत, त्यामुळे नदीकडे कुणी गेलेच नव्हते. बोधिसत्त्वाने ऐकून घेतले आणि बोरूतून वाट काढायला हवी, असे तो म्हणाला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत पाटलेच्या हातून अंगणातल्या भुशावर निखारा सांडला. भुसा भराभर पेटत गेला. पण आदल्या दिवशी जिथे शेणी जाळल्या होत्या, त्या काळ्या जागेच्या कडेशी येऊन आग आपोआप बसली. पाटला हातात पाण्याची घागर घेऊन पाहत राहिली. तिने नवऱ्याला हाक मारून ती जागा दाखवली. तो एका वासराच्या गळ्यात दावे बांधीत होता. त्याने मान वळवून पाहिले, बरे झाले वाढली नाही, असे म्हणाला आणि पुन्हा दाव्याची गाठ मारू लागला.

वणव्याचे दिवस जवळ आले, तेव्हा वाड्याची बैठक करंजाखाली भरली. बोरूतून वाट कधी काढायची, याचे बोलणे चालले होते. बोधिसत्त्वाचा चुलता सोमिल हा वाड्यातला सर्वांत वडील माणूस. पुढच्या पौर्णिमेनंतर सवडीने काढू, असे त्याने ठरवून टाकले. तेव्हा बायकांमधून पाटला बोलली.

"नदी उठून गेली, आणि आपण तिच्या जुन्या जागेकडे पळायची तयारी करतो आहोत. पण पळायचंच कशाला? आग मोठी मानी आहे. उष्ट्या पानावर बसत नाही. आपणच वाड्याभोवतीचं थोडं गवत तिला आधी वाढून टाकू. मग ती आली, तरी दारातूनच परत जाईल."

सोमिलने मिशीवरून हात फिरवला. "वा, सूनबाई. म्हणजे चोर यायच्या आधी आपणच आपलं घर लुटून ठेवायचं."

"आपण लुटलं तर भांडी कुठे गेली ते तरी ठाऊक असेल, मामंजी."

सगळे हसले. सोमिल हसला, पाटला स्वतः हसली आणि बोधिसत्त्वही हसला. त्या हसण्यात कुणाचा अपमान नव्हता. पण हसून झाल्यावर तो विषय संपला, असे सगळ्यांनी धरले, आणि बोलणे पुन्हा वाटेकडे वळले.

घरी गेल्यावर बोधिसत्त्वाने तिला शपथेची आठवण दिली. पाटला चटई विणत होती. "शपथ गवत राहावं म्हणून घेतली होती ना?" एवढेच तिने विचारले. त्याला उत्तर सुचले नाही. उत्तर सुचत नाही म्हणजे थांबून विचार करावा, हेही त्याला त्या वेळी सुचले नाही.

पौर्णिमा अजून आलीही नव्हती, तोच एका दुपारी पश्चिमेला धूर उठला. वारा त्याच बाजूचा होता. शिंग वाजले आणि लोक ठरल्याप्रमाणे आपापल्या जागी गेले. इतक्या नीटपणे तो वाडा पूर्वी कधीच निघाला नव्हता.

वाड्याचा विस्तव विझू द्यायचा नाही, अशीही त्यांची एक रीत होती. स्थलांतर असो की संकट, नायकाच्या बायकोने निखाऱ्यांचे मडके बरोबर न्यायचे. पाटला ते शिंक्यात घालून बाहेर आली. बरोबरीच्या बायकांना तिने मुले घेऊन पुढे जायला सांगितले होते. वासरे थोडी आहेत, मी आणते, असे ती म्हणाली होती. कळपाच्या मागे उभ्या असलेल्या नवऱ्याच्या हातात तिने शिंके दिले.

"हे तुम्ही धरा, नायक. मला हात मोकळे हवेत."

त्याने शिंके धरले. ती कोंडवाड्याकडे वळली. कळप आधी आणि वासरे मागून, ही रीत त्यानेच घातलेली होती.

कळप नदीपाशी पोचला आणि थांबला. पुढे वाळलेल्या बोरूची भिंत उभी होती. गुरे आत शिरेनात. पुढची मागे वळू लागली, मागची पुढे रेटू लागली. मागून आगीचा आवाज ऐकू येऊ लागला होता. लोक नायकाकडे पाहू लागले. बोधिसत्त्वाने आजवर जे जे ठरवले होते ते सगळे नदीपर्यंतचे होते. त्यापुढचे त्याच्यापाशी काहीही नव्हते. सोमिल त्याच्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "बाळा, आता काय?"

बोधिसत्त्वाने खाली पाहिले. त्याच्या हातात विस्तव होता.

तेव्हा त्याला पाटलेचे शब्द आठवले. तो पुढे झाला. मस्तकाला लावलेली जुडी त्याला आठवली, गाईच्या पाठीवर ठेवलेला हात आठवला, आणि त्याने मडके बोरूत उपडे केले. वारा पाठीमागचा होता. आग पुढच्या पुढे पाण्याकडे धावत गेली आणि मागे काळी भुई ठेवून गेली. लोकांनी निघताना भिजवून घेतलेल्या कांबळ्यांनी निखारे झोडपले आणि गुरांना त्या राखेवर घातले. मागून वणवा आला. राखेच्या कडेपर्यंत आला, दोन्ही अंगांनी फाकला आणि खायला काही उरले नाही म्हणून बसला.

एकही माणूस दगावला नाही, असे कुणीतरी म्हणाले. मग ते थांबले, कारण बोधिसत्त्व मागच्या वाटेकडे पाहत होता.

भुई पाय ठेवण्याइतकी निवली तेव्हा तो गेला. सोमिल त्याच्या मागोमाग गेला. पाटला अर्ध्या वाटेवर सापडली. वासरे तिच्याजवळ होती. तिच्या भोवती एका लहानशा तुकड्यात राख नव्हती, नुसती माती होती. तिथले गवत तिने हातांनी उपटून टाकले होते. तो तुकडा पुरेसा नव्हता. काय करायचे ते तिला ठाऊक होते. विस्तव तिच्याजवळ नव्हता.

बोधिसत्त्व तिच्या हातांपाशी बसला. त्या दिवसानंतर सोमिलने आयुष्यात फार कमी विनोद केले.

पुढे ही वार्ता राजापर्यंत गेली. आयत्या वेळी युक्ती काढून नायकाने सारा वाडा वाचवला म्हणून राजाने त्याला शेला पाठवला. युक्ती माझी नव्हती, असे बोधिसत्त्व सगळ्यांना सांगे. लोक त्याला विनय समजत आणि त्याची अधिकच स्तुती करीत. ती स्तुती त्याला शेवटपर्यंत ऐकावी लागली.

पुढच्या वर्षापासून, वणव्याचे दिवस येण्याआधी, वारा पडलेला पाहून तो स्वतःच्या हाताने वाड्याभोवतीच्या गवताचा एक पट्टा जाळू लागला. लोक त्या पट्ट्याला उष्टे म्हणत. नव्या नायकाच्या शपथेतले शब्द त्याने बदलले नाहीत. फक्त ती कशासाठी घेतली जाते, ते आधी सांगायला लावले. आणि बैठकीत कुणाच्या बोलण्यावर सगळे एकदम हसले, की तो हात वर करी आणि म्हणे, "हसून झालं असेल तर आता ते पुन्हा एकदा सांगा." पुष्कळदा पुन्हा ऐकूनही ते बोलणे हसण्यासारखेच निघे. क्वचित तसे निघत नसे. अशा वेळी तो बायकांच्या बाजूला, पाटला बसायची त्या जागेकडे पाही, आणि मग लोकांना कामाला लावी.

ही कथा शास्त्यांनी जेतवनात उपसीव नावाच्या भिक्खूला सांगितली. उपसीवाच्या सोबत्याने त्याला प्रवासात नेहमीचा उतार सोडून वरच्या अंगाने नदी ओलांडू असे सुचवले होते. इतकी वर्षे इथूनच जातो, असे म्हणून उपसीवाने ते हसण्यावारी नेले, आणि त्या उतारात तो सोबती वाहून गेला. तेव्हापासून उपसीव भिक्षेला जात नसे की कुणाशी बोलत नसे. त्याचे ऐकले असते तर, एवढेच तो म्हणे.

शास्ते म्हणाले, "उपसीव, पूर्वीही असे घडले आहे. तेव्हाचा सोमिल तू होतास. ते गवळी म्हणजे आजची ही सभा. आणि जो नायक हातात विस्तव घेऊन नदीपर्यंत चालत गेला आणि तोवर ज्याला काही सुचले नाही, तो मीच होतो."

उपसीवाने पुष्कळ दिवसांनी मान वर केली. "आणि पाटला, भगवन्?"

शास्ते म्हणाले, "ती आज या सभेत नाही."

या जन्मातल्या पारमितेचे, म्हणजे बोधिसत्त्वाने पूर्णत्वाला न्यायच्या गुणाचे, नाव प्रज्ञा. ती बोधिसत्त्वाजवळ आहे असे त्या वाड्यातले लोक समजत. ती त्याच्या घरात चटई विणत बसली होती.