कोठीच्या खिडकीवरचा कागद

त्या गावात सूर्य उगवत नव्हता. तिथे दिवे राहत आणि जो तो आपल्यापुरता उजेड आपणच पाडी. तेल संपलं की दिव्याचं उरायचं नुसतं पितळ किंवा नुसती माती, ज्याच्या त्याच्या घराण्याप्रमाणे.

वारा मात्र फार. वाती फरफरायच्या आणि तेल फुकट जायचं. म्हणून पंचायतीने ठराव केला की गावाला काचा बसवायच्या. ठराव खोटा नव्हता. काचेआड तेल निम्मं लागतं, हे शेंबड्या पणतीलाही कळतं. आधी घरटी पळीभर तेल गोळा करायचं, त्यात काचा आणायच्या, आणि पुढे जे तेल वाचेल त्यातून ज्याचं त्याला परत. सरपंच समईबाई पाचही वाती नीट करून म्हणाल्या, "थेंब न् थेंब चव्हाट्यावर मांडू. कोणीही यावं, बघावं."

एका पणतीनेही पळीभर दिलं. ते तिने लेकीसाठी राखलं होतं. लेक भट्टीतून नुकतीच आलेली. वात घातलेली, पण कोरडी. तेल आल्याशिवाय ती पेटणार नव्हती, आणि त्याआधी आई विझली तर पेटवणार कोण?

काचा आल्या. कंदिलांना बसल्या. पणतीला काच बसवायला जागाच नसते, हे काचा आल्यावर पंचांच्या लक्षात आलं.

पणती लेकीला कडेवर घेऊन तेल मागायला गेली. पंचायतीच्या दारात कंदीलराव उभे होते, नव्या काचेत.

"हिशेब लावलाय ना, बाई. वाचा की."

"कुठं लावलाय?"

"तेलाच्या कोठीच्या खिडकीवर. मागच्या बोळात."

"तिथं तर काळोख आहे."

"मग उजेड घेऊन जा. दिवाच ना तुम्ही?"

"आणि वाचता वाचता विझले तर?"

"तशी नोंद करू," कंदीलराव म्हणाले आणि आत जेवायला गेले.

पणतीच्या तळाशी होतं तेवढंच तेल. ती बोळात शिरली. मागून शेजारच्या पणत्या आल्या. "मेली विझतेय आता," असं म्हणत, पण आल्या.

खिडकीवर कागद खरोखरच होता, अख्खी खिडकी झाकेल एवढा. लिहिणारे, तपासणारे, सह्या करणारे, सगळे हात कोठीतूनच बाहेर आलेले. कागद तेल पिऊन भज्यांच्या पुड्यासारखा झाला होता. अक्षरं फुटून एकमेकांत गेली होती.

"काय लिहिलंय गं?" शेजारणीने विचारलं.

"लागत नाही."

"तुला वाचता येत नाही, का त्यांना लिहिता आलं नाही?"

पणतीची ज्योत एव्हाना निळी पडली होती. तिने लेकीला खिडकीखाली ठेवलं, कागद ओढून काढला आणि धुण्यासारखा पिळला.

"अगं बाई, हिशेब आहे तो!"

"मग घेतेय की!"

तेल थेंब थेंब लेकीत पडलं. वात भिजली. पणती वाकली आणि वातीला वात लावली.

लेकीचा पहिला उजेड कागद निघून उघड्या पडलेल्या खिडकीतून कोठीत पडला. पंच वाती बारीक करून पंगतीला बसले होते. समईबाई कमरेपर्यंत तेलात होत्या. कंदीलरावांच्या हातात गावभर फिरलेली पळी होती, भरलेली, आणि ती तशीच वरच्या वर राहिली.