गोदाक्काच्या सुपातला पुरावा

एक होता राजा, आणि त्याला सकाळी सकाळी वाड्याच्या पायरीवर लागली ठेच. अंगठा हा एवढा सुजला! वर बघतो तर समोरच्या चिंचेवर घुबड. झालं! राजा ओरडला, "हेच ते अपशकुनी! उद्या झाड तोडा." आणि ढोलीत घुबडाची तीन पिल्लं होती, बरं का. अजून डोळेसुद्धा न उघडलेली.

राजाच्या कोठारात धान्य पाखडायला एक गोदाक्का होती. तिला हे कळलं मात्र, सूप काखोटीला मारून ती थेट दरबारात.

आधी ती रडली. "महाराज, लेकुरवाळं पाखरू आहे हो!" राजा म्हणाला, "आणि माझा अंगठा ठणकतोय तो?"

मग तिनं स्तुती केली. तुमच्यासारखा दयाळू तुम्हीच, वगैरे वगैरे. राजानं जांभई दिली. तू नको देऊस रे मुकुंदा, गंमत पुढेच आहे.

मग गोदाक्का चिडली. झाडाखाली पडलेल्या काळ्या काळ्या गोळ्या तिनं सुपात भरून आणल्या, राजासमोर फोडल्या आणि लागली पाखडायला. फट फट फट! केस उडाले, सुपात राहिल्या इवल्या इवल्या कवट्या. ई काय ई करता? घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि पचत नाही ते ओकून टाकतं.

"मोजा महाराज." मोजल्या. एकोणचाळीस!

"हे जगले असते तर कुणाचे दाणे खाल्ले असते?"

राजानं कोठाराकडे पाहिलं.

"गेल्या साली उंदरांनी किती पोती कुरतडली?"

"वीस."

"आणि औंदा?"

"एकही नाही."

"घुबड कधी आलं?"

"औंदाच," राजा हळूच म्हणाला.

"मग अपशकुन कसला? आणि तुमच्या पायरीचा दगड निखळलाय, मी आत्ताच बघून आले!"

राजा उठला. लंगडत चिंचेखाली गेला आणि त्यानं घुबडाला चक्क हात जोडले. "बाई, तुझ्यामुळे माझी रयत पोटभर जेवली, आणि मी तुझंच घर तोडायला निघालो होतो." त्यानं डोक्यावरचा जरीचा मंदील उतरवून ढोलीत ठेवला.

तेव्हा पाखरं बोलायची. घुबड म्हणालं, "गोदाक्का, तुझे उपकार कसे फेडू गं?"

"वेडी की काय! वर्षभर दाणे तू राखलेस. मी नुसतं पाखडून दाखवलं."

पिल्लं मऊ मऊ मंदिलात शिरली आणि गुडूप झोपली. सगळे सुखात राहिले. तुम्हीही आज पोटभर जेवलात ना? मग त्या घुबडाला मनातल्या मनात 'बरं केलंस हो बाई' म्हणा, गोधडी ओढा आणि मिटा डोळे.