रावसाहेबांचं गुप्त वायफाय

मृणालताईची कूस उजवली तर पाच सवाष्णी जेवू घालीन, असा नवस शेवंता सातेरीला बोलली होती. मृणाल तिची लेक नव्हे. शेवंता ज्यांच्याकडे स्वयंपाक करायची त्या रावसाहेब सरदेसायांची. देवीने ऐकलं. आज दुपारी बाराला परदेशात बाळाचं बारसं होतं, आणि पाळणा इथून बाईसाहेबांनी म्हणायचा होता, फोनवर नातीला बघत. वाडीत मोबाइलला रेंज नाही. सगळी भिस्त घरच्या वायफायवर. नेमकं तेच सकाळी गुप्त झालं!

गुप्त केलं खुद्द रावसाहेबांनी. शेजारी फुकट वापरतात म्हणून त्यांनी त्याचं नाव लपवलं, पासवर्ड बदलला आणि चहा येईपर्यंत दोन्ही विसरले.

"अहो, आठवा ना," बाईसाहेब रडकुंडीला आल्या.

"आठवतंय. ओठांवर येत नाही इतकंच."

"मग बोटांवर तरी येऊ द्या."

"कंपनीच्या माणसाला बोलावू का?" शेवंताने विचारलं.

"परका माणूस नको," रावसाहेब गरजले. "आणि त्या वायफायच्या खोक्याला कुणाचा हात लागता कामा नये. हात न लावता चालू केलंस, तर मागशील ते देईन!"

खोका काचेच्या फळीवर होता. रोज त्यावरची धूळ शेवंताच झटकायची. बसवणारा तिला बजावून गेला होता, "मावशी, मागच्या बारीक भोकात काही खुपसू नका. खोका पहिल्या दिवसासारखा कोरा होईल. मग तळाच्या चिठ्ठीवरचं नाव नि पासवर्ड घालावा लागेल."

ती मागल्या दारी गेली. खराट्यातली एक हीर उपसून आणली आणि सातेरीचं नाव घेत त्या भोकात दाबून धरली. खोक्याचे दिवे विझले.

"मेला तो," रावसाहेब म्हणाले.

दिवे पुन्हा लुकलुकले. शेवंता फळीखाली वाकली, काचेतून चिठ्ठीवरचं एकेक अक्षर वाचत गेली, बाईसाहेब फोनवर टिपत गेल्या. पडद्यावर पाळणा दिसला. बाळ जांभई देत होतं.

पाळणा म्हणून झाल्यावर रावसाहेब गुरगुरले, "हात लावायचा नव्हता."

"हात कुठे लावला? हीर लागली. तीही परकी नाही, तुमच्याच खराट्यातली."

"पण सकाळभर खपून केलेलं माझं सगळं पुसलंस."

"जे तुम्हालाच सापडत नव्हतं, ते पुसलं काय नि राहिलं काय?"

रावसाहेब हसले, इतके की ठसका लागला. "माग काय हवं ते."

"शुक्रवारी माझ्या सवाष्णी जेवायच्यात. पंगतीत वाढायला तुम्ही या."

आणि ते आले. सदऱ्याच्या बाह्या दुमडून, "बाई, अजून एक घ्या" असा आग्रह करत पोळीवर तूप सोडत राहिले.

तेव्हा बायांनो, तुम्हीही नवस फेडाल त्या दिवशी घरात हुकूम सोडणाऱ्याच्या हाती तुपाचं भांडं द्या, आणि पान भरेपर्यंत पुरे म्हणू नका.