लोडरचे गमबूट

परुळेकरसाहेबांच्या दगडमाती उचलणाऱ्या लोडरचे, चाकांच्या जागी असलेले रबरी पट्टे चिरेखाणीत पुन्हा फाटले, आणि ते निवडणाऱ्या माणसाला साहेबांनी त्याच दुपारी घरी बसवलं. ते काम आता त्यांच्याच कचेरीतल्या हेमांगी धुरीच्या गळ्यात पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी तिला ओसरीवर बोलावलं. ते झोपाळ्यावर होते, बाकीची माणसं मान खाली घालून उभी होती.

"पट्टे दगडावर टिकायला हवेत, चिखलात चालायला हवेत, आणि माझ्या रिसॉर्टच्या हिरवळीवर ओरखडा उठता कामा नये. असा एकच जोड आण. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

हेमांगीने मनात हिशेब केला. असा पट्टा मिळत नाही म्हटलं तर नोकरी आज जाणार, आणते म्हटलं तर महिन्याभराने, पट्टे पुन्हा फाटले की. तिची नजर पायरीवर गेली. तिथे साहेबांचे गमबूट, कोल्हापुरी वहाणा आणि घरातल्या सपाता ओळीने ठेवल्या होत्या.

"आणते साहेब," ती म्हणाली. "फक्त आधी यातला एक जोड तुम्ही निवडा. आज तोच घालून खाणीत जा आणि संध्याकाळी भाचीच्या लग्नालाही."

झोपाळा थांबला.

"लग्नाला गमबूट घालून जाऊ?"

"तुमच्या पायांना तीन जोड लागतात साहेब. लोडरला एकच मिळणार आहे. तो जास्त कुठे चालतो, तेवढं सांगा."

साहेबांनी पायरीवरच्या गमबुटांकडे पाहिलं. "खाणीत," ते म्हणाले.

पुढे रिसॉर्टच्या मॅनेजरने हिरवळीच्या कामाला लोडर मागितला, तेव्हा फोन साहेबांनीच घेतला.

"तो नाही येणार," ते म्हणाले. "त्याने गमबूट घातलेत."