गाडीबरोबर उतार

साताऱ्याच्या रणधीररावांना आपली जुनी, दोन दारांची स्पोर्ट्स कार विकायची होती. दातांचे डॉक्टर हेरंब तिच्यावर असे भाळले, की साठवलेली सगळी पुंजी द्यायला निघाले. जाताना मात्र त्यांनी गॅरेजवाल्या शकीलाभाभींना सोबत नेलं.

भाभींना पाहून रणधीरराव मिशीतल्या मिशीत हसले. "बघा हो भाभी! इंजिन, क्लच, गिअर, सगळं नव्यासारखं. पाच वर्षं दुरुस्तीचा खर्च नाही. काढा बघू एखादी खोट!"

भाभींनी बॉनेट उघडलंसुद्धा नाही. फाटकाच्या आत सपाट अंगण होतं, आंब्याची गार सावली होती. गाडी मात्र बाहेर रस्त्याच्या उतारावर, खाली तोंड करून, भर उन्हात तापत उभी होती.

"रावसाहेब, गाडी आत सावलीत घ्या, बंद करा आणि पुन्हा सुरू करून दाखवा."

रणधीरराव गडबडले. "आत कशाला? इथंच सुरू करतो की!"

"इथं काय, ब्रेक सोडला की माझा पाटासुद्धा पळेल," भाभी म्हणाल्या. "पण डॉक्टरांचं घर पडलं सपाटीला. गाडीबरोबर हा उतारही देताय का?"