स्वागताची लेझीम

जांभूळधऱ्याच्या सरकारी हायस्कुलात शिक्षण सभापती आबासाहेब आले, ते ठरल्या वेळेनंतर तीन तासांनी. पोरं उन्हात रांगा धरून बसून करपली होती. गळ्यात हार पडताच आबासाहेब कडाडले, "निम्मी पोरं गणितात नापास! उद्यापासून खेळाचा तास बंद. त्या वेळात गणित!"

मुख्याध्यापकांनी मान डोलावली. खो-खोची कर्णधार सुगंधा ठोंबरे मात्र ताडकन उठली. पुढच्याच महिन्यात तिच्या संघाचे जिल्ह्याचे सामने होते.

"साहेब, खेळाला आम्हाला पस्तीस मिनिटं मिळतात. गणिताचा तर आठ दिवसांत एकही तास झाला नाही."

"का नाही झाला?" आबासाहेबांनी मुख्याध्यापकांकडे बघून डोळे वटारले.

"तुमच्या स्वागताच्या लेझीमची तालीम होती," सुगंधाच म्हणाली. "आजचे तीन तास तुमची वाट बघण्यात गेले. गणितासाठी काही बंद करायचंच, तर आधी तुमचं येणं बंद करा!"

"खाली बस!" मुख्याध्यापक ओरडले. सुगंधा बसली नाही.

आबासाहेबांनी हातातलं आठ पानी भाषण घडी करून खिशात घातलं. "गणिताचा तास घ्या," ते पुटपुटले.

"आणि त्यानंतर खेळाचा," सुगंधा उभ्याउभ्याच म्हणाली.