चिमा जिनगरणीचं माप

फार वर्षांपूर्वी, टपाल घोड्याच्या पाठीवरून जायचं तेव्हाची ही गोष्ट. टापेवाडीला डाकस्वारांची पागा होती आणि पागेच्या दाराशी चिमा जिनगरीण खोगिरं शिवत बसायची. माणूस घोड्यावरून उतरताना कण्हला, तर कुठला टाका चुकला ते तिला न बघता कळायचं, असं म्हणतात.

त्या पागेवर एक नवा दरोगा आला. गडी ताडमाड उंच. त्याने शहरातून पितळेच्या झगझगीत रिकिबी आणवल्या. दिसायला देवघरात ठेवाव्या अशा, पण पाय टेकायची पट्टी जेमतेम बोटभर. आणि त्या टांगायच्या वाद्या त्याने स्वतःचा पाय मोजून कापायला लावल्या. साठ स्वारांना एकच माप. वादीला दुसरं भोक पाडायचं नाही, असा हुकूम. का, तर रांगेत सगळे सारखे दिसले पाहिजेत. आता काय म्हणावं या अकलेला?

आखूड पायांचे स्वार चवड्यांवर लोंबकळत कोसन्‌कोस जाऊ लागले. गुडघे सुजले, तळवे बधिर झाले. त्यातला हैबती सगळ्यांत बुटका आणि सगळ्यांत इमानी. एकदा घाटात त्याच्या बधिर पायातून रिकीब निसटली, तो पडला आणि टपाल एक दिवस उशिरा पोचलं. दरोग्याने त्याला भर पागेत उभं केलं.

"तुझी तंगडी आखूड, त्याला मी काय करू? उद्यापासून घोड्याला हात लावायचा नाही."

बारा वर्षांची चाकरी एका वाक्यात गेली. हैबतीने लगाम खुंटीला टांगला. चिमाच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. ती कातडं कापायची रापी हातात घेऊनच पुढे झाली.

"सरकार, पाय कुणाचा आन् माप कुणाचं? पाय देवानं दिला, माप तुमी दिलं. चुकलं कोन? माज्या रिकिबी लावून याला एक डाव गडावर धाडा. दिस बुडायच्या आत आला न्हाई, तर ही रापी नदीत टाकीन."

दरोगा हसला आणि हो म्हणाला.

चिमाने बाभळीच्या लाकडाच्या रिकिबी कोरल्या, अख्खा पंजा मावेल एवढ्या रुंद. वाद्या कापल्या मोडक्या मोटेच्या कातड्याच्या. विहिरीचं पाणी ओढून ओढून ते जेवढं ताणायचं तेवढं ताणलं गेलं होतं, आता आणखी वाढणार नव्हतं. शिवाय फुकट. मग तिने हैबतीची बोटं खोगिराला टेकवली, रिकीब त्याच्या काखेपर्यंत आणली आणि तेवढ्या लांबीवर वादीला भोक पाडलं. "अर्ध्या वाटंत वाद्यांची डावी-उजवी अदलाबदल कर," म्हणाली. "घोड्यावर चढताना सारा भार डावीवर पडतोय. ती एकटीच किती सोसंल?"

गड जाऊन-येऊन चाळीस कोस. चढावर वाद्या आपोआप आखूड व्हायच्या, उतारावर लांब, असं म्हणतात. हैबती परत पोचेपर्यंत सूर्यही डोंगराच्या खांद्यावर थांबून राहिला, असंही म्हणतात. हैबती उतरला आणि आपल्या पायांनी ताठ चालत पागेत गेला.

दरोगा म्हणाला, "घोडं चांगलं होतं."

"मग उद्या त्याच घोड्यावर तुमी बसा," चिमा म्हणाली. "वाद्या हैबतीच्याच मापाच्या ऱ्हाऊ द्या. मापात काय नसतंय न्हवं?"

साऱ्या पागेदेखत नाही कसं म्हणणार? सकाळी दरोगा गुडघे छातीशी घेऊन निघाला आणि दोन कोसांवरून घोड्याचा लगाम धरून लंगडत परत आला. चुकलो, हा शब्द मात्र त्याच्या तोंडून मरेपर्यंत निघाला नाही. हैबतीला त्याने मुकाट्याने घोडा दिला, एवढंच. पण त्या दिवशी साठही स्वारांनी पितळी रिकिबी नदीच्या डोहात फेकल्या आणि मापासाठी हात पसरून चिमाच्या ओट्यापुढे रांग लावली. ऊन पडलं की डोहाचा तळ अजून पिवळा दिसतो, असं म्हणतात.

आता पागा नाही, डाकस्वार नाहीत. घोडा येतो तो नवरदेवासाठी, भाड्याचा. पण टापेवाडीत नवरदेव तसाच चढत नाही. गावातली सगळ्यांत म्हातारी बाई त्याची बोटं खोगिराला टेकवते, रिकीब काखेत धरते आणि वादी बेतते. बँडवाले खोळंबतात, घोडेवाला कुरकुरतो, कुणी लक्ष देत नाही. मग ती विचारते, "पाय कुणाचा?" तो म्हणतो, "माझा." "माप कुणाचं?" "माझंच."

तीच बाई मग मांडवात जाते आणि हेच दोन प्रश्न नवरीला विचारते. नवरी सगळ्यांना ऐकू जाईल असं "माझंच" म्हणेपर्यंत टापेवाडीत अंतरपाट धरत नाहीत.